मुलांना शाळेच्या रोबोटिक्स टीममध्ये घालताय? मग हे आधी वाचून घ्या

सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न ठरलेला असतो, शाळेतून रोबोटिक्सचा फ्लायर आलाय, घालू का, नक्की काय असतं, आमच्या पिंट्याला कोडिंग येत नाही चालेल का, आणि खाली उत्तरांचा पाऊस, त्यातली अर्धी कोणाच्या तरी ऑनलाइन क्लासची लिंक. मी इथे अमेरिकेत मिडल स्कूलच्या मुलांच्या टीमला कोच म्हणून मदत करते, तर दरवर्षी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतेय. विशेषतः जे नुकतेच पुण्या-मुंबईहून इकडे आलेत आणि ज्यांची पीटीए (पालक-शिक्षकांची संघटना) म्हणजे काय इथपासून सुरुवात आहे त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपल्याकडे रोबोटिक्स म्हटलं की लगेच कोडिंग दिसतं, त्यामागे इंजिनिअरिंग दिसतं आणि मग थेट एमआयटी. या टीममध्ये टेबलावर पळणारा रोबो हा चार आण्यांचा भाग आहे, बाकीचे बारा आणे वेगळेच आहेत, आणि हे मी उगाच बोलायचं म्हणून बोलत नाहीये, मार्क खरंच तसे वाटलेले असतात, खाली येतेच त्यावर.

आधी बघा फ्लायर कसला आहे

फ्लायरवर बरेचदा नुसतं 'रोबोटिक्स क्लब' एवढंच असतं. एलिमेंटरी आणि मिडल स्कूलमध्ये त्यामागे बहुतेक वेळा दोनपैकी एक प्रोग्रॅम असतो, फर्स्ट लेगो लीग नाहीतर व्हेक्स आयक्यू. फर्स्ट ही डीन केमन या इन्व्हेंटरने १९८९ मध्ये काढलेली संस्था, तिने नव्वदच्या दशकाच्या शेवटी लेगो कंपनीबरोबर लहान मुलांची ही लीग सुरू केली. सगळे तिला एफएलएलच म्हणतात, मीही पुढे तेच लिहीन.

एफएलएलमध्ये वयाप्रमाणे वेगवेगळे गट आहेत. अगदी छोट्यांसाठी डिस्कव्हर, म्हणजे ४ ते ६ वर्षं, तो बहुतेक वर्गातच चालतो. मग एक्सप्लोर, साधारण दुसरी ते चौथी. आणि चॅलेंज, चौथी ते आठवी, म्हणजे इथे अमेरिकेत वय ९ ते १४. लोक 'रोबोटिक्स कॉम्पिटिशन' म्हणतात ती चॅलेंज. एक्सप्लोरमध्ये पहिला-दुसरा नंबर हा प्रकारच नाही, मुलं लेगोचं मॉडेल आणि पोस्टर करून फेस्टिव्हलला नेतात, रिव्ह्यूअर लोक येऊन गप्पा मारतात, प्रत्येक टीमला काही ना काही अवॉर्ड मिळतंच. हे ऐकून काही बाबालोकांचा चेहरा पडतो, मग काय उपयोग म्हणतात. उपयोग आहे हो. चौथीतलं मूल दोन्हीकडे बसतं, पण ते जर अजून कोणी त्याचा ब्लॉक घेतला की रुसून बसत असेल तर एक वर्ष एक्सप्लोरमध्ये काढू द्या, काही बिघडत नाही.

व्हेक्स आयक्यू थोडं वेगळं आहे. त्यात मुलं हातात कंट्रोलर घेऊन रोबो चालवतात, मॅच फक्त ६० सेकंदांची, आणि गंमत म्हणजे दोन टीमचे रोबो एकाच मैदानात मिळून खेळतात आणि जो स्कोअर होईल तो दोघांनाही सारखाच. मधेच ड्रायव्हर बदलावा लागतो, एकच हुशार पोरगा सगळं चालवतोय असं होत नाही. ज्या मुलांना एका जागी बसून प्रोग्रॅम लिहायचा कंटाळा येतो त्यांना हे फार आवडतं. तुमच्या शाळेत दोन्ही असेल तर मुलाला दोन्हीचे मॅचचे व्हिडिओ दाखवा आणि त्यालाच ठरवू द्या. मी स्वतः एफएलएलवाली आहे म्हणून इथून पुढे त्याबद्दलच सांगते.

आणि हो, फ्लायर तिसऱ्या प्रकारचाही असू शकतो. एखादी खासगी कंपनी शाळेचा वर्ग भाड्याने घेऊन आठ आठवड्यांचा रोबोटिक्स क्लास चालवते, त्याचे पैसे घेते, आणि शेवटी सर्टिफिकेट. त्यात वाईट काही नाही पण ती टीम नव्हे. ओळखायला सोपं आहे, एकच प्रश्न विचारा, ही टीम टूर्नामेंटला जाणार आहे का? उत्तर गोलगोल आलं तर समजून जा.

फॉर्म आणि जागा

एका चॅलेंज टीममध्ये जास्तीत जास्त १० मुलं, एक्सप्लोरमध्ये ६. आता शाळेत एकच टीम असेल आणि फॉर्म चाळीस आले तर काय होणार ते वेगळं सांगायला नको. काही शाळा चिठ्ठ्या टाकतात, काही पहिला येईल त्याला घेतात, काही ठिकाणी ट्रायआउट असतात, म्हणजे मुलांना बोलावून, बघून निवडतात. पहिला येईल त्याला जागा असेल तर फॉर्म त्याच दिवशी भरा, आपल्याकडे नवरा-बायकोची चर्चा, मग आजी-आजोबांना फोन, मग बघू वीकेंडला, तोवर जागा गेलेली असते.

वेळेचं गणित आधीच डोक्यात ठेवा. दरवर्षीचा विषय आणि मॅट (रोबो ज्यावर पळतो ती टेबलावरची छापील चटई) ऑगस्टच्या सुरुवातीला जाहीर होते, सप्टेंबर-ऑक्टोबर तयारी, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये क्वालिफायर म्हणजे पात्रता फेरी, त्यातून वर गेलात तर राज्याची चॅम्पियनशिप, आणि अगदी वरची वर्ल्ड चॅम्पियनशिप एप्रिलमध्ये ह्यूस्टनला. म्हणजे तुम्ही जानेवारीत इथे आलात आणि शाळेत जाऊन विचारलंत तर सीझन आटोपलेला असतो. तरी विचाराच, पण पुढच्या वर्षासाठी. कोच असलेल्या टीचरला तीन ओळींची ईमेल पुरते, मूल कितवीत आहे, कुठले दिवस शाळेनंतर थांबू शकतं, आणि तुम्ही स्वतः कशात मदत करू शकता. तिसरी ओळ विसरू नका. इथे या टीम पालकांच्या फुकट मेहनतीवर चालतात आणि जो हात वर करतो त्याचं नाव कोचच्या लक्षात राहतं, स्पष्टच सांगते.

फॉर्मवर 'तुला टीममध्ये का यायचंय' असा प्रश्न असतो. तो मुलालाच लिहू द्या प्लीज. "मला लेगो आवडतात आणि माझा मित्र पण येतोय" हे उत्तर चालतं, उलट छान वाटतं. नऊ वर्षांच्या मुलाच्या फॉर्मवर 'क्रिटिकल थिंकिंग' आणि 'लीडरशिप' वाचलं की कोण लिहितंय ते पाच सेकंदात कळतं.

ट्रायआउट म्हणजे परीक्षा नसते. सहसा चार-पाच मुलांना कच्ची स्पॅगेटी, टेप, दोरा असलं काहीतरी देतात आणि उंच टॉवर बांधा म्हणतात. टॉवर किती उंच झाला हे बघायला कोणी बसलेलं नसतं, बघतात हे की गप्प बसलेल्या मुलाला कोण विचारतं, टॉवर पडला की कोण दुसऱ्यावर ढकलतं, आपली आयडिया नाही घेतली तर कोण टेबल सोडून जातं. त्यामुळे आदल्या रात्री पायथन या कोडिंगच्या भाषेचे व्हिडिओ दाखवत बसू नका, नीट झोपू द्या.

भारतातून नुकत्याच आलेल्या मुलांबद्दल एक वेगळं सांगायचंय. आपली मुलं हुशार असतात पण पहिले काही महिने उच्चार वेगळे म्हणून तोंड उघडत नाहीत, आणि मग इथल्या बडबड्या मुलांमध्ये मागे पडल्यासारखी दिसतात. अशा मुलाला घरी फक्त एवढं शिकवा की 'मी हे करून बघू का?' असं इंग्लिशमध्ये मोठ्याने विचारायचं. एवढं एक वाक्य पुरतं. लेगोचे तुकडे हातात आले की भाषा लागतेच कुठे फारशी, आणि मग हळूहळू बोलायला पण लागतात, आमच्याकडे दर वर्षी एखादं तरी मूल असं येतं.

चार आणे आणि बारा आणे

आता मुख्य गोष्ट. चॅलेंज टूर्नामेंटमध्ये चार गोष्टी बघतात, रोबो गेम, रोबो डिझाइन, इनोव्हेशन प्रोजेक्ट आणि कोअर व्हॅल्यूज, आणि सगळ्यात मोठ्या चॅम्पियन्स अवॉर्डसाठी चौघांनाही वजन सारखंच, प्रत्येकी २५ टक्के. म्हणजे टेबलावर सगळ्यात जास्त पॉइंट काढणारी टीम चॅम्पियन्स अवॉर्डशिवाय घरी जाऊ शकते. जाते पण.

रोबो गेम म्हणजे जे बघायला गर्दी होते ते. आठ फूट बाय चार फुटाच्या टेबलावर मॅट पसरलेली, तिच्यावर लेगोची पंधराएक मॉडेल्स, प्रत्येक मॉडेल म्हणजे एक मिशन, काहीतरी ढकला, उचला, फिरवा, इकडून तिकडे न्या. रोबो रिमोटने चालवायचा नाही, प्रोग्रॅम लावून सोडून द्यायचा. वेळ अडीच मिनिटं. रोबो सुरुवातीच्या जागी परत आला की मुलं भराभर अटॅचमेंट (रोबोला लावायचे लेगोचे हात) बदलतात आणि पुढच्या फेरीला सोडतात. रोबो बाहेर कुठे अडकला आणि हाताने उचलून आणला तर एक प्रिसिजन टोकन जातं. अशी सहा टोकन असतात, पाच किंवा सहा उरली तर ५० पॉइंट, म्हणजे पहिली चूक माफ, त्यानंतर मात्र उतरत जातात. पोरांना हे पाठ असतं, 'सोडून दे, अजून एक फुकट आहे' असं मॅच चालू असताना एकमेकांना सांगतात. ऑफिशियल मॅच तीन होतात आणि त्यातला सर्वांत चांगला स्कोअर धरतात, त्यामुळे पहिल्या मॅचला रोबो भिंतीत घुसला म्हणून रडायचं कारण नाही.

रोबो डिझाइन म्हणजे रोबो असा का बनवला हे जजना समजावून सांगणं. इथे जज मुलालाच विचारतात, हा ब्लॉक काय करतो, हा हात आधी कसा होता, का बदललात. ज्याच्या घरी बाबांनी रात्री बसून कोड लिहिलाय तो इथे उघडा पडतो, पोर बिचारं गप्प उभं राहतं आणि बाकीची मुलं बुटांकडे बघत बसतात.

इनोव्हेशन प्रोजेक्ट हा मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग. दरवर्षी एक विषय असतो, २०२२ ला ऊर्जा होता, २०२३ ला कला आणि छंद, २०२४ ला समुद्र, २०२५ ला पुरातत्त्व. मुलांनी त्या विषयातला एखादा खराखुरा प्रश्न शोधायचा, त्यावर काहीतरी उपाय काढायचा, ज्यांचं ते काम आहे अशा माणसांशी बोलायचं, ते काय म्हणाले त्यावरून उपाय सुधारायचा. पुरातत्त्वाच्या वर्षी पोरं म्युझियमच्या लोकांना ईमेल करत होती, काहींना उत्तर आलं काहींना नाही, आणि ज्यांना आलं त्यांना कळलं की खणून काढलेले मातीचे तुकडे नोंदवून नीट ठेवणं हेच केवढं मोठं काम असतं, खणणं त्यामानाने सोपं. अकरा वर्षांच्या मुलाने अनोळखी माणसाला फोन करून 'तुमचा दहा मिनिटं वेळ मिळेल का' विचारणं, हे कुठल्या कोडिंग क्लासात शिकवतात?

कोअर व्हॅल्यूज म्हणजे टीम म्हणून कसे वागता. हे ऐकायला जरा मूल्यशिक्षणाच्या तासासारखं वाटतं, मलाही आधी वाटलं होतं, पण त्याचे मार्क आहेत आणि रेफ्री टेबलापाशी पण ते बघत असतो. समोरच्या टीमची केबल राहिली तर आपली द्यायची, हरल्यावर तोंड वाकडं करायचं नाही. 'ग्रेशस प्रोफेशनलिझम' हा शब्द तुम्ही इतक्या वेळा ऐकाल की झोपेत पण म्हणाल. तर ते हे.

पहिले काही आठवडे कसे जातात

बहुतेक शाळांत आठवड्यातून एक-दोनदा, शाळा सुटल्यावर दीड-दोन तास. पहिल्या मीटिंग्ज मिशनची मॉडेल्स बांधण्यातच जातात, मुलं खूश, पालकांना वाटतं नुसतं लेगो खेळतायत. बांधू द्या. मॉडेल कसं हलतं ते बांधतानाच कळतं.

रोबो म्हणजे बऱ्याच शाळांत लेगोचा स्पाइक प्राइम. पिवळा-पांढरा हब म्हणजे रोबोचा मेंदू, त्यावर पाच बाय पाच दिव्यांची छोटी स्क्रीन, सहा पोर्ट, मोटर आणि सेन्सर. काही शाळांच्या कपाटात अजून लेगोचेच जुने ईव्हीथ्री रोबो पण असतात, तेही चालतात. प्रोग्रॅम स्क्रॅचसारख्या (स्क्रीनवर रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायच्या) ब्लॉक्समध्ये लिहायचा, मोठी मुलं पायथनमध्ये लिहितात. कोडिंग अजिबात न आलेलं मूल दोन-तीन मीटिंगमध्ये रोबो पुढे-मागे न्यायला शिकतं, त्यामुळे त्याची भीती सोडून द्या. खरी मजा त्यानंतर सुरू होते.

मुलं प्रोग्रॅम लिहितात, ५० सेंटिमीटर पुढे, उजवीकडे ९० अंश वळ, ३० सेंटिमीटर पुढे, हात वर. पहिल्यांदा चालतं! आरडाओरडा, टाळ्या. तोच प्रोग्रॅम लगेच पुन्हा लावला तर रोबो मॉडेलच्या बोटभर बाजूने निघून जातो. पुन्हा लावला, तिसरीकडेच. मग पोरं कोड बदलायला लागतात, ९० चं ९३ करतात, मग ८८, एकाचं म्हणणं मोटर खराब आहे, एकाचं म्हणणं मॅट वाकडी आहे. कोचने इथे तोंड बंद ठेवायचं असतं, फार अवघड काम. मग कोणीतरी एक मूल, बहुतेक वेळा गप्प राहणारं, म्हणतं की आपण रोबो दर वेळी वेगळ्या जागी ठेवतोय. मग ते लेगोच्याच दोन-चार पट्ट्या जोडून एक चौकट करतात, ती टेबलाच्या कोपऱ्यात टेकवायची आणि रोबो तिला चिकटवून ठेवायचा. तिला जिग म्हणतात. तेवढ्याने अर्धा त्रास संपतो. उरलेला अर्धा चाकांचा, एक्सल सैल असतो, चाकाला धूळ लागून ते घसरतं, नाहीतर हबचा मोशन सेन्सर वळण्याआधी शून्य करायचा राहिलेला असतो. शहाण्या टीम मग रोबोला मधेच भिंतीला पाठ टेकवून सरळ करून घेतात किंवा मॅटवरच्या काळ्या रेषेवर कलर सेन्सरने थांबवतात, म्हणजे आधीची चूक पुढे साचत जात नाही.

यात एक अख्खा महिना जातो आणि घरी येऊन मूल सांगतं आज काहीच नाही झालं. झालेलं असतं खूप.

कामं वाटून घेतात, कोणी बांधणार, कोणी कोड, कोणी प्रोजेक्ट. माझं मत असं की पहिल्या वर्षी मुलाने सगळीकडे थोडं थोडं करावं. आपल्या मुलींच्या बाबतीत जरा डोळ्यात तेल घालून बघा, पोस्टर आणि प्रेझेंटेशन मुलींकडे आणि रोबो मुलांकडे अशी वाटणी आपोआप होत जाते, कोणी मुद्दाम करत नाही पण होते. मुलीला रोबोला हात लावायचा असेल तर तिने मागून घ्यायला शिकलं पाहिजे आणि नाहीच मिळालं तर तुम्ही कोचशी बोला, कोचला राग येत नाही.

आईबाबांनी काय करायचं, आणि काय नाही

करायचं असं की ऑनलाइन कन्सेंट फॉर्म वेळेवर भरा, तो राहिला की कोचला तुमच्या मागे लागावं लागतं. शाळेनंतरची लेट बस आहे का विचारा, नसेल तर पिकअपला वेळेवर जा, वर्ग बंद करून कोच तुमच्या मुलाबरोबर पार्किंगमध्ये उभा असतो आणि त्याचीही मुलं घरी असतात. स्नॅकची पाळी आली तर आधी अ‍ॅलर्जी विचारा, बऱ्याच शाळांत दाण्याला सक्त मनाई आहे, म्हणजे चिक्की नाही, दाण्याचा लाडू नाही, दाणे घातलेला चिवडा पण नाही. आमच्याकडे साध्या पोह्यांचा बिनदाण्याचा चिवडा अमेरिकन पोरांनी डबा पालथा घालून संपवला होता.

कॅलेंडर बघा. क्वालिफायर शनिवार-रविवारी असतात आणि नेमके मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाच्या आसपास येतात. रविवारची मराठी शाळा, पोहणं, तबला, गणिताचा क्लास आणि त्यात हे, असं सगळं एकदम चालत नाही. टीममधून एक मूल टूर्नामेंटला आलं नाही तर त्याचं प्रेझेंटेशनचं वाक्य दुसऱ्याला बोलावं लागतं, तेव्हा तारीख कळल्या कळल्या घरात बोलून घ्या.

खर्च. शाळेची टीम असेल तर बरंचसं शाळा किंवा पीटीए उचलते, तुमच्याकडून टीशर्ट आणि थोडीफार फी. घरी सराव म्हणून लगेच स्पाइक प्राइमचा सेट मागवू नका, साधारण चारशे डॉलरच्या घरातली वस्तू आहे, शिवाय लेगो एज्युकेशनने स्पाइकची विक्री २०२६ मध्ये बंद करायचं जाहीर केलंय आणि नवीन सेट येतायत, त्यामुळे काहीही विकत घेण्याआधी पुढच्या सीझनला काय चालणार ते कोचला विचारा. घरी सरावच हवा असेल तर स्क्रॅच फुकट आहे.

करायचं नाही ते एकच, हात लावायचा नाही. रोबोला नाही, कोडला नाही, पोस्टरवरच्या वाकड्या अक्षराला पण नाही. आपण बरेचजण आयटीवाले, पोराचा कोड बघून हाताला खाज सुटते, चार ओळींचं काम चाळीस ओळींत केलेलं असतं. सुटू दे खाज. प्रश्न विचारू शकता, "रोबो इथे का थांबला असं तुला वाटतं?" एवढा. उत्तर सांगायचं नाही. आणि शेजारच्या टीमचा रोबो इतका भारी कसा, त्यांच्या बाबांनीच केला असणार, ही चर्चा मुलांसमोर तर अजिबात नको.

टूर्नामेंटचा दिवस

सकाळी लवकर पोचायचं, बहुतेक कुठल्यातरी हायस्कूलच्या जिममध्ये. प्रत्येक टीमला एक टेबल मिळतं, त्याला पिट म्हणतात. एक्स्टेंशन कॉर्ड, चार्जर, सुट्टे लेगोचे तुकडे एका डब्यात, आणि लॅपटॉपवर प्रोग्रॅमची कॉपी, हे सगळं आदल्या रात्री भरून ठेवायचं. हबमध्ये प्रोग्रॅम कुठल्या नंबरच्या स्लॉटला आहे ते कागदावर लिहून रोबोच्या डब्याला चिकटवा, घाईत सगळे विसरतात.

जजिंग एका बंद खोलीत साधारण अर्धा तास चालतं, पाच मिनिटं प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन आणि पाच मिनिटं प्रश्न, मग तसंच रोबो डिझाइनचं, आणि शेवटी टीमबद्दल गप्पा. पालक बाहेर. काचेतून डोकावू नका, मुलांचं लक्ष जातं. मार्क देण्याचा तक्ता आधीच सगळ्यांना उपलब्ध असतो, मुलांनी तो वाचून जायला पाहिजे, आश्चर्य वाटेल पण बऱ्याच टीम वाचतच नाहीत.

मॅचच्या वेळी जिममध्ये गाणी, आरडाओरडा, वरून झगझगीत दिवे. शाळेत नीट रेषा ओळखणारा कलर सेन्सर इथे गडबडतो कारण उजेड वेगळा, म्हणून सेन्सर जमिनीच्या जवळ आणि झाकलेला असावा. टेबल पण आपल्यासारखं तंतोतंत नसतं, मॅटला कुठेतरी घडी असते. प्रॅक्टिस टेबल मिळतं, रांग लावायला एका मुलाला आधी पाठवा.

बक्षिसं संध्याकाळी. दिवसभराने सगळी पोरं दमलेली, भुकेलेली असतात, त्यात नाव नाही आलं की गाडीत शांतता. त्या वेळी 'तू तेव्हा बटण लवकर दाबायला हवं होतंस' वगैरे सुरू करू नका, आधी काहीतरी खायला घाला. लेखी फीडबॅक येतो, तो आठवड्याने सगळ्यांनी मिळून वाचायचा.

शाळेत टीमच नसेल किंवा जागा मिळाली नाही तर

मग स्वतः काढा, खरंच. टीम शाळेचीच हवी असा काही नियम नाही, लायब्ररीत, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये टीम चालतात आणि आपल्या लोकांच्या अशा कितीतरी आहेत. दोन मोठी माणसं कोच म्हणून लागतात, त्यांचं बॅकग्राउंड चेक होतं, मुलं कमीत कमी दोन. कोचला इंजिनिअर असायची गरज नाही, उलट शाळेत शिकवलेली आई किंवा चारचौघांची भांडणं शांतपणे सोडवणारा काका जास्त उपयोगी. टेबलाचे मापासकट प्लॅन फर्स्टच्या साइटवर असतात, चार बाय आठचा प्लायवूड आणि कडेला लाकडी पट्ट्या, एका दुपारचं सुतारकाम. टेबल ठेवायला जागा नसेल तर मॅट जमिनीवर पसरून कडेने पट्ट्या लावा. रजिस्ट्रेशन, मॅट आणि मॉडेलचा सेट, टूर्नामेंटची फी, रोबो, हे सगळं आठ-दहा घरांत वाटलं की झेपतं, आणि ऑफिसमध्ये विचारा, बऱ्याच कंपन्या कर्मचारी जिथे मदत करतात तिथे थोडे पैसे देतात.

रजिस्ट्रेशन उन्हाळ्यातच उरकून घ्या, क्वालिफायरच्या जागा भरतात आणि मग तीन तास लांबच्या गावी जावं लागतं.

भारतातल्या भाच्या-पुतण्यांसाठी विचारणारेही असतात. तिकडे एफएलएल आहे, चॅलेंजचं वय १६ पर्यंत. शिवाय वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड आहे, त्यात टीम दोन-तीन मुलांचीच आणि ८ ते १२ वयाचा वेगळा गट, २०१६ ची त्याची जागतिक फेरी तर दिल्लीलाच झाली होती. शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली, मुलांनी वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा) असेल तर सहावीपासून मुलांना तिथे जाता येतं, लॅब आहे पण कुलूप असतं अशी तक्रार ऐकू येते, तर पालकसभेत किल्ली कोणाकडे असते ते विचारायला सांगा.

आणि आठवीनंतर काय हा प्रश्न येतोच, म्हणून सांगून ठेवते, सातवीपासून बारावीपर्यंत फर्स्ट टेक चॅलेंज आहे, त्यात लेगो सुटतो, स्क्रू-ड्रायव्हर हातात येतो, आणि हायस्कूलच्या चार वर्षांसाठी त्याहून मोठ्या रोबोंची वेगळी स्पर्धा. सातवी-आठवीच्या मुलांना एफएलएल आणि टेक चॅलेंज असे दोन्ही पर्याय खुले असतात, कुठे जायचं ते मुलगा किंवा मुलगी ठरवेल, त्यांना हायस्कूलच्या टीमची एक प्रॅक्टिस बघायला घेऊन जा, कोचला आधी विचारून.